रानवड्याचं रेकॉर्डिंग

रानवडे आमच्या माडीवर दोन वर्षं राहिला, आणि ती दोन वर्षं आम्ही आमच्याच घरात चोरपावलांनी वावरलो. माणूस दारू पीत नव्हता, कुणाच्या लेकीसुनेकडे वाकडं बघत नव्हता, कुणाच्या अध्यातमध्यात नव्हता. तरी इतका त्रास मला दारुड्यानेही कधी दिलेला नाही.

आळेफाट्यापासून आत चार मैलांवर आमचं गाव. माझा मुलगा टोमॅटोची पिकअप चालवतो, आठवड्यातले चार दिवस बाहेरच. घरात मी आणि माझी सून कल्पना. वरची खोली रिकामी होती, म्हणून रानवड्याला ठेवला. पिंपरीच्या कुठल्याशा कंपनीतून लवकर मोकळा झालेला, बायको लेकीकडे परगावी, वय अठ्ठावन्न. सामान उतरवायच्या आधी त्याने विचारलं, "आजी, इथे शांतता आहे ना?"

मी तेव्हा बहात्तरची. मी म्हटलं, "आजी तुमच्या नातवाला म्हणू द्या. शांतता हाय. बिबट्या गावात आला म्हंजे तर लईच असती."

तो हसला नाही. त्याने खिशातली छोटी वही काढून काहीतरी लिहून घेतलं. पुढे कळलं, तो सगळंच लिहून घ्यायचा. आमची पिठाची गिरणी किती वाजता सुरू होते, देवळातला भोंगा कधी लागतो, शेजारची म्हैस कधी हंबरते, सगळं त्या वहीत होतं.

त्याचं काम असं होतं. कॉम्प्युटरच्या आत एक कारभारी असतो, रानवडे त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणायचा, त्याच्याशिवाय तो डबा नुसता डबाच. लोक हा कारभारी विकत घेतात, नाहीतर चोरून बसवतात. पण जगातल्या पुष्कळ लोकांनी मिळून एक कारभारी तयार केलाय, तो कुणीही घ्यावा, वापरावा, दुसऱ्याला द्यावा. तो कसा वापरायचा हे मराठीतून शिकवणारे व्हिडिओ रानवडे बनवायचा. त्याचा त्याला पैसा मिळत नव्हता. असे आणखी काही जण होते, ते स्वतःला स्वयंसेवक म्हणायचे. त्याने हे सगळं मला सांगितलं तेव्हा मला ते चांगलंच वाटलं. मी म्हटलं, "म्हंजे फुकट हाय म्हणा की."

"फुकट नाही, मुक्त," तो म्हणाला. त्यानंतर पाऊण तास तो मला त्यातला फरक सांगत होता, आणि चुलीवर दूध उतू गेलं.

आठ दिवसांत त्याने माझ्या सहा गोधड्या वर नेल्या आणि खोलीच्या भिंतींना टांगल्या. आवाज घुमू नये म्हणून. मग नियम सुरू झाले. रेकॉर्डिंग चालू असताना भांडं आपटायचं नाही, कुकर लावायचा नाही, जिन्यावरून चढायचं नाही, खोकायचं नाही. मला दमा आहे. मी परसात जाऊन खोकायची. कोंबड्या त्याने खुराड्यात कोंडायला लावल्या, तर त्या आतून जास्त ओरडायला लागल्या. कानावर ती बैलाच्या झापडांसारखी मोठी यंत्रं चढवून तो बसायचा, आणि आमच्यापैकी कुणाची चाहूल लागली की मागे न बघता उजवा हात वर करायचा, पंजा उघडा. शाळेत मास्तर करायचे तसा. तो पंजा दिसला की कल्पना पायरीवर जिथे असेल तिथे उभी राहायची, डोक्यावर हंडा असला तरी.

त्याची अट अशी की व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात झाला पाहिजे. मध्ये कापायचा नाही. कापलेला व्हिडिओ म्हणजे बघणाऱ्याची फसवणूक, असं त्याचं मत. "नमस्कार मंडळी, मी रानवडे," असं तो सुरू करायचा, कुठेतरी कुत्रं भुंकायचं, आणि "थांबा, परत." एका सकाळी त्याचा नमस्कार मी तेवीस वेळा मोजला.

आणि एवढं करून त्यात सांगायचा काय? "आधी पाया," हे त्याचं पालुपद. कुणी काहीही विचारो, आधी पाया. एक्केचाळीस व्हिडिओ झाले तरी पायाच चालला होता. कारभारी कुणी शोधला, का शोधला, त्याचं चिन्ह असं का, मागचं चित्र कसं बदलायचं. कल्पनाने एकदा विचारलं, "सर, छापून कसं काढायचं?" तर वही बघून म्हणाला, "तो बावन्नावा भाग आहे. अजून वेळ आहे."

रोज संध्याकाळी खाली येऊन तो आकडा सांगायचा. "आज अकरा जणांनी पाहिला."

"त्यातलं सात तर तुमीच पाहिला असंल," कल्पना म्हणायची.

"सहा," तो म्हणायचा. खोटं बोलत नसे.

माझं माहेर माळशेज घाटाजवळच्या मढचं. रानवड्याच्या डोक्यात एकदा आलं की तळागाळातल्या माणसापर्यंत गेलं पाहिजे. मला म्हणाला, तुमच्या माहेरी कार्यक्रम ठेवू. मी सांगितलं, आता भाताची आवणी, रोपं लावायची घाई चाललीय, आता कुणी येणार नाही. पण माझ्या भाच्याने तिकडे निरोप देताना काय सांगितलं कोण जाणे, लोकांना वाटलं कॉम्प्युटरवाला माणूस येतोय म्हणजे दाखले मिळणार. सोळा-सतरा बाया आवणी टाकून आल्या. पोटऱ्यांपर्यंत चिखल, कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद.

रानवड्याने भिंतीला पांढरी चादर लावली आणि मागचं चित्र कसं बदलायचं ते दाखवायला सुरुवात केली. आधी डोंगर आला, मग फुलं, मग कुठल्यातरी परदेशातला धबधबा. तो धबधबा त्याने मोठा केला, लहान केला, मधोमध ठेवला. बाहेर खिडकीतून माळशेजच्या कड्यावरून खरे पाच-सहा कोसळत होते. बायांनी तासभर ऐकून घेतलं. मग माझ्या चुलत वहिनीने विचारलं, "सायेब, दाखला निघल का ह्याच्यातनं?"

"तो वेगळा विषय आहे," रानवडे म्हणाला. "आधी पाया समजून घ्या."

वहिनी माझ्याकडे वळली. "काय गं बाई, धबधबा दावायला आणलं व्हय आमाला आवणी मोडून?"

मला मान खाली घालावी लागली. माहेरी माझ्यावर ती पाळी आली नव्हती कधी. परतीच्या एसटीत हा गृहस्थ वहीत लिहीत होता. म्हणाला, "प्रतिसाद चांगला होता."

त्याचे जोडीदार एकदा आमच्याकडे जमले, तेव्हा तर मला कळून चुकलं की हा एकटा असा नाही. चौघं आले. एक घोडेगावचा, दोघं खेडकडचे, आणि एक लांबून आलेली बाई. सगळे एकमेकांना सर आणि मॅडम. सर्वांनी मिळून काम कसं करायचं, हे ठरवायला बैठक होती. बसल्या बसल्या त्यांचं भांडण लागलं. त्या मुक्त कारभाऱ्याचेही म्हणे बरेच प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचा वेगळा. घोडेगाववाला म्हणाला, तुमचा जड आहे. रानवडे म्हणाला, तुमचा दिसायला भिकार आहे. बाई म्हणाली, तुम्ही दोघं नवशिक्यांना घाबरवता. कल्पनाने तीनदा चहा नेला, तिन्ही वेळा तो गार झाला. शेवटी घोडेगाववाला ताडकन उठून निघून गेला. दहा मिनिटांनी चार्जर राहिला म्हणून परत आला, आणि घेताना कुणाशी बोलला नाही.

मी चौथी शिकलेय. पण चार बाया पापड लाटायला बसल्या तर पीठ कुणाच्या घरचं यावरून दुपार घालवत नाहीत, एवढं मला समजतं.

आता कल्पनाचं सांगते.

कल्पना बारावी झालेली. लग्न झाल्यापासून दुसऱ्याच्या कांद्यात वाकून वाकून तिची कंबर गेली. सकाळी उठताना भिंतीला धरून उठायची, वय चौतीस. गावच्या दूध डेअरीत खिडकीवर कॉम्प्युटर चालवायची जागा निघाली, तेव्हा ती मला म्हणाली, "आत्या, ही खुर्ची मला मिळाली तर मी कांद्यातनं सुटले." त्यासाठी ती रानवड्याकडे शिकायला लागली. त्याने आपला एक जुना कॉम्प्युटर खाली ओसरीवर मांडून दिला. शिकवलं त्यानेच, हे मी नाकारत नाही. मराठीत टाइप करायला त्याने तिला असं काही शिकवलं की ती न बघता लिहायची. अक्षरं कुठली वापरायची यावर तो फार कडक होता. "ही अक्षरं जगात कुठेही उघडतील," असं म्हणायचा. त्याच्या बाकीच्या म्हणण्यासारखंच मी ते सोडून दिलं.

डेअरीच्या चेअरमनने दोघींची परीक्षा लावली. एक कल्पना, दुसरी आळेफाट्याला क्लास केलेली एक मुलगी. सभासदांचं रजिस्टर द्यायचं, सहाशेच्या वर नावं, कुणाचा मळा कुठला, गायी किती, म्हशी किती. सगळं टाइप करून ठरलेल्या सोमवारी आणायचं, जिचं काम चांगलं तिला खुर्ची. रजिस्टर एकच, म्हणून आधी त्या मुलीला दिलं, मग हिला. कल्पनाने घरातली कामं उरकून अठरा दिवसांत यादी पुरी केली आणि मंगळवारी रजिस्टर परत नेऊन दिलं. यादी सोमवारपर्यंत ओसरीवरच्या कॉम्प्युटरमध्येच राहणार होती. येताना तिने पावशेर जिलबी आणली.

गुरुवारी गिरणीचा पट्टा तुटला म्हणून गिरणी बंद होती. देवळात काही नव्हतं. म्हैस विकली गेली होती. रानवड्याने वही बघितली असणार, कारण अकराच्या सुमाराला तो खाली आला आणि ओसरीवरचा तो जुना कॉम्प्युटर उचलून वर घेऊन गेला. मला वाटलं, दुरुस्त करायचा असेल. कल्पना नदीवर गेली होती. परत आली, टेबल मोकळं बघितलं, आणि ओली पातळं तिथेच टाकून जिन्याने वर गेली. तिचा चेहरा बघून मीही मागे गेले.

दार उघडं होतं. रानवडे झापडं लावून बसला होता आणि गोड आवाजात सांगत होता की जुनं सगळं पुसून नवीन आवृत्ती कशी बसवायची. "इथे आपल्याला विचारलं जाईल, सगळं पुसायचं का. हा प्रश्न शांतपणे वाचा. घाई करू नका."

कल्पनाने तोंड उघडलं. रानवड्याने मान वळवून तिला बघितलं. नीट बघितलं, आणि हात वर केला. ती तरी एक पाऊल पुढे आली. पंजा आणखी वर गेला.

आणि ती गप्प बसली. दोन वर्षांची सवय. तोंडावर पदर धरून ती उंबऱ्यात उभी राहिली, आणि मी, जिने आयुष्यात कुणाच्या बापापुढे तोंड बंद ठेवलं नाही, ती मीसुद्धा जिन्यात गप्प उभी राहिले. त्याने बटण दाबलं. मग वीस मिनिटं तो सांगत होता आणि आम्ही उभ्या होतो. त्याबद्दल मला त्याच्यापेक्षा माझाच जास्त राग येतो.

संपल्यावर त्याने झापडं काढली. इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. "एका दमात झालं! एक आवाज नाही! हं, काय म्हणत होतात?"

"सर, माझी यादी व्हती त्याच्यात."

त्याने पडद्याकडे बघितलं. "नक्कल ठेवली असेल की तुम्ही."

"नक्कल म्हंजे?"

"म्हणजे... तो भाग अजून व्हायचाय," रानवडे म्हणाला.

शुक्रवारी सकाळी मी त्याला पुढे घालून डेअरीत नेला. रजिस्टर पुन्हा मागायचं होतं, आणि का मागतोय ते सांगायचं होतं. मी त्याला घरातच बजावलं, "सर, तुमी सांगायचं, माझ्या हातनं पुसली म्हणून. दुसरं काय बी बोलायचं न्हाई." तो हो म्हणाला.

चेअरमन दुधाची फॅट मोजायच्या मशीनशेजारी उभा होता. दूध घालायला आलेली दहा-बारा माणसं होती. कल्पनाने सांगितलं की यादी गेली, रजिस्टर परत पाहिजे. चेअरमन हसला. "फुकटचं वापरल्यावर असंच व्हनार राव. फुकटचं ते किती टिकनार?"

झालं. रानवड्याच्या कपाळाची शीर फुगली. जे सांगायला आणला होता ते राहिलं, आणि त्याने मुक्त आणि फुकटचा पाढा सुरू केला. मोठमोठ्या कचेऱ्या हा कारभारी वापरतात, त्यात बिघाड होत नाही, त्यावर असा आरोप करणं अज्ञानाचं आहे. चेअरमन म्हणाला, "मग यादी गेली कशी?" तेव्हा रानवडे म्हणाला, "त्यात सॉफ्टवेअरचा काहीही दोष नाही. कल्पनाताईंनी नक्कल ठेवली नव्हती."

दहा-बारा माणसांनी कल्पनाकडे बघितलं. कुणीतरी हसलंही. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच बोलली. आवाज चढवला नाही.

"नक्कल न्हवती ठेवली. पण पुसली कुनी, सर?"

"प्रक्रिया मी चालवत होतो, पण तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"मी सांगायलाच आले व्हते. तुमी हात वर केला."

"कारण रेकॉर्डिंग चालू होतं!" रानवडे म्हणाला. त्याला खरंच वाटलं, एवढं सांगितल्यावर सगळ्यांना पटेल.

चेअरमनने कपाटातून रजिस्टर काढून कल्पनाच्या हातात दिलं. "सोमवार काय मी हलवनार न्हाई बाई. त्या दुसऱ्या पोरीवर अन्याय व्हईल. बघ, जमलं तर."

जुना कॉम्प्युटर परत ओसरीवर आणला. शुक्रवार, शनिवार, रविवार. मी नावं वाचायची, ती टाइप करायची. मला जोडाक्षरं वाचायला वेळ लागतो, पण गावातली माणसं असल्यामुळे मी अर्धी नावं रजिस्टर न बघताच सांगत होते, कुणाच्या किती म्हशी तेसुद्धा. पोळ्या शेजारणीने दिल्या. कल्पना कमरेला पंचा करकचून बांधून बसली होती. रानवड्याकडे दुसरा कॉम्प्युटर होता, अर्धी यादी त्याने केली असती तर बिघडलं नसतं. पण शुक्रवारी तो आपला व्हिडिओ चढवत होता, कारण इतका स्वच्छ व्हिडिओ त्याचा आजवर झाला नव्हता. शनिवारी तो खाली आला, कल्पनाच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "दोन रकान्यांमध्ये जागा सोडायची ही पद्धत चुकीची आहे. थांबा, मी दाखवतो." मी त्याला रजिस्टर दाखवलं आणि जिना दाखवला.

सोमवारी दुपारी दोन्ही याद्या डेअरीच्या कॉम्प्युटरवर उघडल्या. आळेफाट्याच्या मुलीची यादी तिच्या क्लासमध्ये चांगली दिसत होती म्हणे. इथे उघडली तर नावांच्या जागी नुसते चौकोन आणि फुल्या. ती पोरगी रडायला लागली. कल्पनाची यादी जशीच्या तशी उघडली, शेवटच्या म्हशीपर्यंत. म्हणजे त्या अक्षरांबद्दल रानवडे बोलला होता ते खरं होतं. खरं होतं ते मी खरंच म्हणते. पण त्याच माणसाने ती एकदा पुसलीही होती, आणि पुसल्यावर चार माणसांत तिच्या माथी मारली होती.

खुर्ची कल्पनाला मिळाली. मी दुसऱ्या दिवशी माडीवर जाऊन माझ्या सहा गोधड्या काढून आणल्या. त्याने काय ते ओळखलं. महिन्याच्या आत तो घोडेगावला गेला, त्या भांडलेल्या माणसाच्याच शेजारी. जाताना एका शब्दाने त्याने कल्पनाची माफी मागितली नाही. मला वाटतं, त्याला ते सुचलंच नाही. आपल्या हातून काही वाईट होऊ शकतं, हे चांगलं काम करणाऱ्या माणसांच्या लवकर ध्यानात येत नाही.

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. पाच-सहा महिन्यांनी, सकाळी डेअरीत. मी आमच्या नव्या गाईचं दूध घालायला रांगेत होते आणि माझ्या पुढे रानवडे उभा. इस्त्रीचा शर्ट, कॉलरला छोटा माईक, हातात मोबाईल. मला बघून म्हणाला, "अरे वा, आजी! बरं झालं भेटलात. मी कल्पनाताईंची मुलाखत घ्यायला आलोय. मुक्त सॉफ्टवेअरमुळे एका ग्रामीण महिलेला रोजगार मिळाला, हे लोकांपुढे आलं पाहिजे. तुम्हीही दोन शब्द बोला."

माझ्या तोंडात जे दोन शब्द आले ते व्हिडिओत चालले नसते. रांग पुढे सरकली आणि तो खिडकीशी पोचला. आत कल्पना बसली होती, पाठीला उशी लावून. तिने वर बघितलं. ओळखलं.

"नमस्कार कल्पनाताई, फक्त दहा मिनिटं—"

"सर, दूध आणलंय का?"

"दूध? नाही, मी ते—"

"मग बाजूला व्हा. मागं लोकं खोळंबल्यात."

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. तो हसत तसाच उभा राहिला. तिने मान थोडी वाकडी करून त्याच्या मागे बघितलं आणि मला म्हणाली, "आत्या, या पुढं."

रानवडे बाजूला झाला. भिंतीशी उभा राहिला, हातात मोबाईल धरून, आणि कॅन घेतलेली माणसं त्याला जरा अंग चोरायला लावत पुढे जात राहिली. कुणी त्याला कशाला आलात विचारलं नाही. मी किटली खिडकीवर ठेवली. साडेतीन लिटर भरलं. कल्पनाने फॅट लावली, चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पुढचं."